राक्षसभुवन ते असई : सत्तेच्या समतोलाचा वाद

सत्तेच्या समतोलाची कल्पना एका साध्या भीतीतून जन्मली. शेजारच्या राज्यांपैकी एखादे इतके बळावले की बाकीच्या सर्वांना मिळूनही ते आवरेना, तर कोणाचेच स्वातंत्र्य शाबूत राहत नाही. म्हणून ते तेवढे बळावण्याआधीच इतरांनी एकत्र यावे, त्यासाठी कालच्या वैऱ्याशीही हातमिळवणी करावी, हा तिचा गाभा. युरोपात १७१३ च्या उत्रेख्तच्या तहात हा विचार उघडपणे नोंदला गेला. आपल्याकडे कौटिल्याने राजाला संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव अशा सहा चाली सांगून ठेवल्या होत्या, आणि शेजाऱ्याच्या बळाचा अंदाज घेतल्याशिवाय त्यांतली एकही खेळता येत नाही. ‘महासत्ता’ ही संज्ञा त्या मानाने कालची. विल्यम फॉक्स ह्या अमेरिकी अभ्यासकाने १९४४ मध्ये ती पुस्तकाच्या नावात आणली, तेव्हा त्याच्या यादीत अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्या जोडीला ब्रिटनही होते. ब्रिटनचे नाव लवकरच गळले.

ह्या कल्पनेची परीक्षा पाहायला युरोपातच जावे लागते असे नाही. जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर गोदावरी आहे. तिच्या काठाने वरच्या अंगाला गेले की बीड जिल्ह्यातले राक्षसभुवन लागते. जालना जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असई आहे. ह्या दोन ठिकाणच्या लढायांमध्ये चाळीस वर्षांचे अंतर आहे, आणि त्या चाळीस वर्षांत मराठे, निजाम, म्हैसूर व इंग्रज ह्या चौघांनी दख्खनमध्ये युतीचे जवळजवळ सगळे प्रकार करून पाहिले. तीर्थपुरी मधल्या पट्ट्यातले गाव. तिथल्या दोन माणसांचे ह्या इतिहासावर पटत नाही. एक निवृत्त इतिहासशिक्षक, ज्यांना गाव गुरुजी म्हणते. दुसरे कापसाचे व्यापारी, सगळ्यांचे आप्पा. समतोल हाच मधल्या ताकदीच्या राज्यांचा आधार, असे गुरुजींचे म्हणणे. आप्पांच्या मते समतोल पुस्तकात ठीक आहे. बळी तो कान पिळी हे मान्य केले की कोणाच्या आडोशाला उभे राहायचे एवढाच प्रश्न उरतो.

गुरुजींचा पहिला पुरावा १७६३ चा. पानिपतानंतर मराठ्यांचे बळ खचलेले, पेशवा माधवराव कोवळ्या वयाचा, चुलते राघोबादादा सत्तेसाठी आसुसलेले. निजामअलीने ही संधी साधली. नागपूरकर जानोजी भोसले त्याला मिळाले, गोपाळराव पटवर्धनांसारखे सरदारही गेले, आणि त्या वर्षी निजामाच्या फौजेने पुणे लुटून जाळले. मराठ्यांनी उलट निजामाच्या मुलखात शिरून हैदराबादच्या आसपास लूट केली. मग पुणे दरबाराने जानोजींना मुलखाचे आश्वासन देऊन परत फिरवले. १० ऑगस्टला राक्षसभुवनपाशी निजाम गोदावरी उतरून पलीकडे गेला होता आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर पिछाडीच्या फौजेसह दक्षिण काठावर अडकला होता. नदीला पूर. मराठ्यांनी गाठले, विठ्ठल सुंदर मारला गेला, आणि निजामाला पलीकडच्या काठावरून ते बघत राहावे लागले.

“आप्पा, बघा,” गुरुजी म्हणतात, “माधवरावानं त्याच हंगामात निजामाला पार बुडवायचं ठरवलं असतं तर? पण औरंगाबादला तह केला, मुलूख घेतला आणि सोडून दिलं. दक्षिणेत म्हैसूरचा हैदर वाढत होता. निजाम जिवंत असणं पुण्याच्या फायद्याचं होतं.”

“सोडून दिलं, कारण तेवढीच ताकद होती,” आप्पांचे उत्तर. “पूर ओसरल्यावर निजामाच्या मागं हैदराबादपर्यंत जायला पैसा कुठं होता? पानिपतानं खजिना रिकामा केला होता. न झेपलेल्या गोष्टीला मागनं तुम्ही धोरण म्हणता.”

इथे आप्पांचे म्हणणे सहज उडवून लावता येत नाही. समतोलाच्या इतिहासात असे वारंवार होते: शत्रूला संपवण्याची कुवत नसते म्हणून तो वाचतो, आणि पुढे कोणीतरी त्याला संयमाचे नाव देते. तरीही एक गोष्ट खरी आहे. राक्षसभुवननंतर निजाम व पुणे यांच्यात तंटे चालूच राहिले, पण दोघांनीही एकमेकांचे अस्तित्व गृहीत धरले. समतोलाने शांतता आणली नाही. नकाशावरून कोणी पुसले जाणार नाही एवढेच पाहिले, आणि त्या काळात तेही कमी नव्हते.

गुरुजींचा सर्वांत आवडता दाखला १७८० चा. इंग्रज राघोबादादाला पेशवा करायला निघाले, आणि बारभाईंच्या कारभारातून वर आलेल्या नाना फडणीसांनी त्यांच्याविरुद्ध चौघांची मोट बांधली: पुणे, हैदरअली, निजाम आणि नागपूरकर भोसले. ह्या चौघांत एकमेकांशी न लढलेले कोणीच नव्हते. हैदर त्याच साली कर्नाटकात उतरला आणि सप्टेंबरमध्ये पोल्लिलूरला कर्नल बेलीची सबंध तुकडी त्याने गारद केली. इंग्रजांचा हिंदुस्थानातला इतका मानहानीचा पराभव त्याआधी झाला नव्हता.

“युती झाली, मान्य,” आप्पा म्हणतात. “पण किती दिवस टिकली? निजामाला गुंटूर परत दिलं, तो गप्प बसला. भोसल्यांची फौज बंगालकडं निघाली, तिला वाटेतच पैसे चारले. राहिले दोघं. सालबाईला १७८२ च्या मेमध्ये पुण्यानंही हैदरला न विचारता तह करून टाकला. डिसेंबरात हैदर वारला. चौघांपैकी शब्द शेवटपर्यंत पाळला कोणी?”

“कोणी नाही. पण राघोबा पेशवा झाला नाही ना? युतीचं काम तेवढंच होतं, ते झालं. पुढची वीस वर्षं इंग्रजांनी पुण्याशी समोरासमोर लढाई घेतली नाही.”

“घेतली नाही, कारण त्या वीस वर्षांत ते दुसऱ्याला खात होते. आणि खायला आपणच जोडीला गेलो.”

हा टोला वर्मी लागणारा आहे. १७९० मध्ये पुणे आणि निजाम दोघेही इंग्रजांच्या बाजूने हैदरच्या मुलावर, टिपूवर, चालून गेले. पेशव्यांकडून हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन होते. महादजी शिंद्यांना ही युती पसंत नव्हती. १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहात टिपूचे निम्मे राज्य गेले, ३ कोटी ३० लाखांची खंडणी बसली, दोन मुलगे ओलीस गेले, आणि तिघा विजेत्यांनी मुलूख वाटून घेतला. हिशेबाच्या दृष्टीने पुण्याचे काही चुकले नव्हते. टिपू हा लागून असलेला शेजारी, त्याने मराठी मुलूख दाबला होता, आणि जवळचा शत्रू आधी हे कौटिल्यापासून चालत आलेले सूत्र. चुकले ते अंतर मोजण्यात. इंग्रजांचा सरहद्दीला लागून असलेला मुलूख कमी, म्हणून ते दूरचे वाटले. त्यांचे आरमार, बंगालचा महसूल आणि सावकारांकडची पत ह्या गोष्टी सरहद्दीवर दिसत नाहीत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राने अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच बजावले होते की टोपीकर हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत. ती जाणीव दरबारात होती. तिच्यावरून धोरण बेतले गेले नाही.

आप्पा व्यापाऱ्याच्या भाषेत बोलतात: “चौघंही इंग्रजाला वजन समजत होते, गुरुजी. आपलं पारडं हलकं झालं की उचललं आणि टाकलं. तागडीच त्याच्या हातात गेली, हे दांडी वर गेल्यावर कळलं.”

गुरुजी ह्यावर खर्ड्याची आठवण देतात. मार्च १७९५ मध्ये निजाम मराठ्यांपुढे हरला तेव्हा गव्हर्नर जनरल जॉन शोअर तटस्थ राहिला. महासत्ता लांब उभी राहिली तर स्थानिक समतोल स्वतःच काम करतो, असे त्यांना ह्यातून दाखवायचे असते. प्रत्यक्षात खर्ड्याचा परिणाम उलटा झाला. हरलेल्या निजामाने इंग्रजांच्या तटस्थतेचा राग धरून रेमंड ह्या फ्रेंच सरदाराच्या पलटणी वाढवल्या. १७९८ मध्ये रिचर्ड वेलस्ली गव्हर्नर जनरल म्हणून आला तो फ्रेंचांची धास्ती घेऊनच. त्या वर्षी १ सप्टेंबरला निजामाने तैनाती फौजेचा करार केला आणि ऑक्टोबरमध्ये हैदराबादच्या फ्रेंच पलटणी मोडल्या. युरोपातल्या समतोलाची लढाई अशी दख्खनच्या मैदानात येऊन पोचली. ४ मे १७९९ ला टिपूचे श्रीरंगपट्टण पडले. मार्च १८०० मध्ये नाना गेले. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसरला शिंदे आणि पेशवे यांच्या फौजा उधळल्या. पेशवा दुसरा बाजीराव वसईला पळाला आणि ३१ डिसेंबरला तिथे तैनाती फौज पत्करून मोकळा झाला.

असईची मोहीम ह्या सगळ्याचा शेवटचा अंक. ऑगस्ट १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले अजिंठ्याचा घाट चढून निजामाच्या हद्दीत आले. कर्नल स्टीव्हन्सनने २ सप्टेंबरला जालना घेतले. २१ तारखेला तो आणि रिचर्डचा भाऊ आर्थर वेलस्ली बदनापूरला भेटले आणि दोन वाटांनी निघायचे ठरले. २३ तारखेला वेलस्लीला शत्रू अपेक्षेपेक्षा फार जवळ सापडला: केळणा आणि जुई ह्या दोन नद्यांच्या बेचक्यात मराठ्यांची फौज तोफा मांडून उभी होती. वाटाड्यांनी सांगितले, उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले तर केळणेच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे होती. दोन गावे अशी बसली असतील तर माणसांची, गुराढोरांची ये-जा असणार, म्हणजे पाणी उतरता येत असणार, हा त्याचा अंदाज खरा ठरला. नदी ओलांडून तो बाजूने आला. शिंद्यांच्या कवायती पलटणींनी पोलमन ह्या हॅनोव्हरच्या सरदाराच्या हुकमाने मोर्चा फिरवला आणि तोफा अशा चालवल्या की इंग्रजांकडचे दीड हजारांवर लोक मेले वा जखमी झाले. तरी संध्याकाळपर्यंत मैदान इंग्रजांचे झाले.

“तिथं होळकर असता तर?” हा गुरुजींचा प्रश्न ठरलेला. यशवंतराव त्या लढाईत नव्हते. शिंदे-होळकर वैर हडपसरच्या रणाला वर्षही न झाल्याने ताजे होते. त्यांनी इंग्रजांशी स्वतंत्र युद्ध मांडले ते १८०४ मध्ये, शिंदे आणि भोसले तह करून बसल्यावर. आधी एकत्र नव्हते, म्हणून एकेक करून हरले, हा गुरुजींचा निष्कर्ष.

आप्पांना तो भाबडा वाटतो. “होळकर आला असता तर उद्या शिंदे जिंकले असते. मग होळकराचं काय झालं असतं? त्याला इंग्रजाएवढीच शिंद्याची भीती होती, आणि ती खोटी नव्हती. समतोल म्हणताना तुम्ही धरून चालता की सगळ्यांना एकच शत्रू मोठा दिसतो. जवळचा आधी दिसतो, गुरुजी. शिवाय शिंद्याच्या पलटणी कवायती खऱ्या, पण हुकूम देणारे भाड्याचे. इंग्रजांनी जाहीरनामा काढून आपल्या लोकांना बोलावलं, काही जण उठून गेले. उत्तरेत सरसेनापती पेराँही त्याच सप्टेंबरात इंग्रजांच्या आसऱ्याला गेला. बंदूक आपली, ती चालवायची अक्कल उसनी. असल्या फौजेवर समतोल उभा राहत नसतो.”

तह दोन झाले. १७ डिसेंबरला देवगावला भोसल्यांनी कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडला. वऱ्हाड निजामाला मिळाला. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांनी दिल्ली-आग्र्याकडचा प्रदेश, भडोच आणि अहमदनगर सोडले, शिवाय अजिंठ्याच्या डोंगरापासून गोदावरीपर्यंतचा आपला मुलूख, जालना किल्ल्यासह. तीर्थपुरी ह्याच पट्ट्यातली. पुढल्या वर्षीच्या वाटणीत तोही निजामाकडे गेला. असईला ज्याची मुख्य फौज लढली नाही, त्याच्या पदरात दख्खनमधला सर्वाधिक मुलूख पडला, आणि इथून वादाचा सर्वांत अवघड भाग सुरू होतो.

“निजाम शहाणा निघाला,” आप्पा सरळ म्हणतात. “पेशवाई १८१८ ला गेली. भोसल्यांचं नागपूर १८५४ ला खालसा झालं. निजाम १९४८ पर्यंत गादीवर. बळकटाच्या आडोशाला वेळेवर गेला आणि दीडशे वर्षं राज्य केलं.”

“दीडशे वर्षं गादी राखली. राज्य केलं म्हणू नका.” गुरुजी इथे हिशेब काढतात, आणि तो आप्पांच्या हिशेबापेक्षा पक्का आहे. १७९२ आणि १७९९ च्या लुटीत निजामाला म्हैसूरचा जो मुलूख मिळाला, तो सगळा १८०० च्या तहाने तैनाती फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांना परत द्यावा लागला. असईनंतर मिळालेला वऱ्हाड पन्नास वर्षे राहिला. हैदराबाद कंटिंजेंट नावाच्या फौजेचा खर्च थकत गेला, आणि १८५३ मध्ये वऱ्हाड कर्जापोटी इंग्रजांच्या ताब्यात गेला. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने तो वर्षाला २५ लाखांवर कायमच्या पट्ट्याने घेतला. वऱ्हाडचा कापूस, लँकेशायरच्या गिरण्यांना हवा असलेला, निजामाच्या नावावर आणि इंग्रजांच्या हातात.

शेवट १९४८ चा. ऑगस्टमध्ये हैदराबादने संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेकडे भारताविरुद्ध तक्रार नेली. परिषदेने ती १६ सप्टेंबरला चर्चेला घेतली, तोवर भारतीय फौजा हद्दीत शिरून तीन दिवस झाले होते. १७ तारखेला निजामाची फौज शरण आली आणि काही दिवसांतच निजामाने तक्रार मागे घेतली. ब्रिटिश संसदेत चर्चिल यांनी त्याची बाजू मांडली, सरकारने काही केले नाही. ज्या सत्तेच्या भरवशावर दीडशे वर्षे काढली, ती १९४७ लाच निघून गेली होती.

इथे एक गोष्ट दोघेही बोलत नाहीत, म्हणून ती नोंदवायला हवी. समतोल टिकला काय आणि मोडला काय, गोदाकाठच्या कुणब्याचा त्यात काय वाटा होता? राक्षसभुवनच्या आधीच्या मोहिमांत दोन्ही फौजांनी मुलूख लुटला, आणि असईनंतरच्या १८०३-०४ च्या दुष्काळाने दख्खनमधली गावे ओस पाडली. चौथाई पुण्याला की महसूल हैदराबादला, हा प्रश्न त्याच्यासाठी बराच दुय्यम होता. समतोलाच्या ग्रंथांत राज्ये मोजली जातात, माणसे नाहीत, आणि हा दोष दोघांच्याही मांडणीत आहे.

स्वतंत्र भारताने ह्या वादाला तिसरे उत्तर शोधले: दोन महासत्तांपैकी कोणाच्याच गटात न जाता दोघांशी व्यवहार. १९५५ च्या बांडुंग आणि १९६१ च्या बेलग्रेड परिषदांनी त्याला आकार दिला. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनने आक्रमण केले तेव्हा अमेरिका आणि सोव्हिएत संघ दोन्ही क्युबाच्या पेचात गुंतलेले होते. नेहरूंना अमेरिकेकडे विमाने मागावी लागली, आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. नऊ वर्षांनी, ९ ऑगस्ट १९७१ ला, भारताने सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार केला. डिसेंबरात बांगलादेशाच्या युद्धावेळी अमेरिकेने ‘एंटरप्राइझ’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात धाडली तेव्हा सोव्हिएत आरमारही हलले. गुरुजींना हा समतोलाचा विजय वाटतो. आप्पा म्हणतात, “तो आडोसाच. फक्त नाना फडणीसाच्या अकलेनं, वेळ बघून घेतलेला.” ह्या एका मुद्द्यावर दोघे जवळ येतात.

आज पुन्हा जुने कोडे आहे, कापसाच्या वजनाने. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर एकूण ५० टक्के आयातशुल्क लावले. त्यातले निम्मे रशियाचे तेल घेतल्याबद्दल. त्याच महिन्यात भारताने बाहेरून येणाऱ्या कापसावरचे ११ टक्के शुल्क स्थगित केले, पुढे त्याची मुदत वर्षअखेरपर्यंत वाढवली. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल जाहीर झालेला असताना खुल्या बाजारातले भाव त्याच्या खाली राहिले. आप्पांना ह्याचा अर्थ विचारायला पुस्तक लागत नाही.

“ब्राझीललाही ५० टक्के लागले,” ते म्हणतात. “दोघांनी मिळून काही केलं का? त्यानं आपलं बोलणं वेगळं केलं, आपण आपलं. होळकर आणि शिंदे. कापूस तीर्थपुरीचा गेला.”

गुरुजी मान्य करत नाहीत. त्याच ऑगस्टच्या शेवटी पंतप्रधान सात वर्षांनी चीनला, तिआनजिनच्या बैठकीला गेले, ह्याकडे ते बोट दाखवतात. चीनशी सीमेवरचा तंटा मिटलेला नसताना जाणे हीच समतोलाची चाल. रशियाकडून क्षेपणास्त्रे, अमेरिकेशी ‘क्वाड’, चीनशी एकाच टेबलावर बोलणी: ह्यातले एकही नाते दुसऱ्याला आवडत नाही, आणि म्हणूनच तिघांनाही भारताला धरून ठेवावे लागते, असे त्यांचे गणित. आप्पांचा आक्षेप एवढाच की तिघांना धरून ठेवायची किंमत कोणत्या पिकावर बसते ते आधी सांगा. १७८० ला गुंटूर कोणाचे, हा प्रश्न सुटताच निजामाने युती सोडली होती. आता गुंटूरच्या जागी कापूस, सोयाबीन आणि दूध आहे, आणि २०२५ मध्ये वॉशिंग्टनशी चाललेल्या व्यापारी बोलण्यांत नेमके हेच विषय अडून बसले.